धरणाकाठचे घर आणि उतारवय

गेल्या काही वर्षांत तपासणीच्या शेवटी एक नवाच प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. रक्तदाब मोजून होतो, साखरेचा अहवाल पाहून होतो, औषधांची चिठ्ठी लिहून होते, आणि मग पिशवीतून एक रंगीत माहितीपत्रक बाहेर येते. पवनेच्या जलाशयाकाठी बंगला, मुळशीच्या डोंगरउतारावर भूखंड, भंडारदऱ्याजवळ टुमदार दोन खोल्या. ‘‘डॉक्टर, फ्लॅट विकून तिकडेच जाऊन राहावे म्हणतो. हवापालटाने प्रकृती सुधारेल ना?’’

ही इच्छा हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. तीस-पस्तीस वर्षे नोकरीच्या धकाधकीत काढलेल्या माणसाला मोकळी हवा, पाण्याचे सान्निध्य आणि पहाटेची शांतता हवीशी वाटावी, यात वावगे काय? घर विकणारा मात्र आजचा भाव सांगतो. त्या घरात आपण सत्तरीत कसे राहाल आणि ऐंशीत कसे राहाल, हे तो सांगत नाही. तो प्रश्न वैद्याने विचारावयाचा असतो. म्हणून आजच्या लेखात घराच्या किमतीचा नव्हे, तर त्या घरातील आपल्या पुढील वीस वर्षांच्या आरोग्याचा हिशेब मांडू.

जलाशयाचे खरे रूप

सह्याद्रीतील ही सरोवरे निसर्गनिर्मित नाहीत. ती धरणांची पाणसाठवण आहे. मुळशीचे पाणी कोकणातील भिरा येथे वीज निर्माण करण्यासाठी जाते. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुण्याची तहान भागवते, पवनेचे पिंपरी-चिंचवडची. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, ते प्रवरेच्या खोऱ्यातील शेतीसाठी. माहितीपत्रकातील छायाचित्र बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमधले असते. तेव्हा जलाशय काठोकाठ भरलेला असतो आणि डोंगर हिरवेगार असतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी दूरवर ओसरते, तळाचा गाळ उघडा पडतो. पवनेच्या पोटात बुडालेले वाघेश्वराचे जुने मंदिर उन्हाळ्यात पुन्हा दिसू लागते, ते याच कारणाने. सज्जातून दिसणारे पाणी आपल्यासाठी साठविलेले नाही, एवढे घर घेणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

आणखी एक गोष्ट. या पाण्याखाली गावे गेली आहेत. मुळशी धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले, हा इतिहास आपण जाणतोच. आज त्या काठांवर राहणारे अनेकजण विस्थापितांचे वारस आहेत. आपण तेथे राहावयास गेलो तर रात्री-अपरात्री धावून येणारा माणूस याच वाडीतला असणार आहे. त्यांच्याशी आपले नाते कसे असावे, याचा विचार कुंपणाची भिंत बांधण्यापूर्वीच करावा.

उंचीची भीती नको

पुष्कळांना वाटते, डोंगरावर प्राणवायू कमी, तेव्हा हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी तेथे राहू नये. ही भीती आपल्याकडे निराधार आहे. उंचीमुळे होणारा आजार सामान्यतः अडीच हजार मीटरच्या पुढे दिसू लागतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. लोणावळा सुमारे सव्वासहाशे मीटरवर, महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर. तेव्हा केवळ उंचीपायी कोणी सह्याद्रीतले घर नाकारण्याचे कारण नाही. फुप्फुसांचा गंभीर विकार असलेल्यांनी किंवा घरी प्राणवायू घेणाऱ्यांनी तेवढे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

लाभही खरे आहेत. धूर आणि धूळ कमी, गोंगाट कमी, झोप शांत. सपाट वाट मिळाली तर चालणे वाढते. बागकामाने हातपाय हलते राहतात, मन रमते. धोका उंचीत नाही. तो अंतरात आहे, पावसात आहे, उतारात आहे आणि एकटेपणात आहे. एकेक पाहू.

किलोमीटर नव्हे, मिनिटे

‘पुण्यापासून अवघे पन्नास किलोमीटर’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक आहे. शरीराला किलोमीटर कळत नाहीत. त्याला मिनिटे कळतात.

हृदयविकाराचा झटका आला की हृदयाचा स्नायू दर मिनिटाला नष्ट होत जातो. गुठळी विरघळविणारे औषध किंवा तातडीची अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू वाचतो. पहिला तास सर्वांत मोलाचा. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तत्पूर्वी मेंदूचा सीटी स्कॅन होऊन रक्तस्राव नाही याची खात्री व्हावी लागते. खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत झालेली बरी. अंथरुणावरचा प्रत्येक दिवस न्यूमोनियाचा आणि शय्याव्रणाचा धोका वाढवितो.

हे हिशेब मनात ठेवून आपल्या संभाव्य घरापासून रुग्णालयापर्यंतचा वेळ मोजावा. तो जानेवारीतल्या मंगळवारी सकाळी मोजू नये. जुलै महिन्यातील एखाद्या रविवारी, दुपारी चारनंतर मोजावा. तेव्हा पावसाळी सहलीला आलेल्या मोटारींच्या रांगा घाटापासून गावापर्यंत लागलेल्या असतात. एरवी तासाभराचा रस्ता त्या दिवशी तीन तासांचा होतो, आणि रुग्णवाहिकेचा भोंगा कितीही वाजला तरी अरुंद रस्त्यावर बाजूला व्हावयास जागाच नसते.

माझ्या एका रुग्णाचे उदाहरण देतो. वय चौऱ्याहत्तर, बँकेतून निवृत्त, रक्तदाब आणि मधुमेह बऱ्यापैकी आटोक्यात. पत्नीसह एका जलाशयाकाठी नव्या बंगल्यात राहावयास गेले. आषाढातल्या एका रविवारी दुपारी त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली. पत्नीला मोटार चालविता येत नव्हती. भ्रमणध्वनीला संपर्कक्षेत्र मिळेना, म्हणून त्या भिजत शंभर पावले चढून रस्त्यावर आल्या. वाडीतल्या एका तरुणाने आपली जीप काढली. सर्वांत जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हता. पुढे शहरात पोहोचेपर्यंत साडेपाच तास उलटले होते. ते गृहस्थ आज हयात आहेत, काठी घेऊन चालतात. पण पत्नीला नावाने हाक मारता येत नाही. यात कोणाची हयगय झाली असे मी म्हणणार नाही. जीपवाल्या तरुणाने तर शर्थ केली. अंतराचा हिशेब घर घेताना मांडला गेला नव्हता, एवढेच.

म्हणून घर पाहावयास जाल तेव्हा जवळच्या रुग्णालयातही जाऊन यावे आणि तेथे स्पष्ट विचारावे: रात्री डॉक्टर हजर असतात का? सीटी स्कॅन चोवीस तास होतो का? गुठळी विरघळविणारे औषध येथे दिले जाते का? अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्र आहे का? सर्पदंशावरची लस उपलब्ध असते का? आपला आरोग्य विमा येथे रोकडविरहित चालतो का? डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा निकष आहे. ते केंद्र कोठे आहे, तेथील वैद्यकीय अधिकारी आणि गावच्या आशा कार्यकर्त्या कोण, हे माहीत करून घ्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्या भागात कोठून निघते, हेही विचारून ठेवावे.

एक इशारा येथेच देतो. छातीत दुखू लागल्यास अॅस्पिरिनची गोळी चघळावी असे पुष्कळांनी ऐकलेले असते; आपल्या बाबतीत ते योग्य आहे का, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावे. परंतु तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही किंवा बोलणे अडखळते अशा वेळी अॅस्पिरिन देऊ नये. तो रक्तस्रावही असू शकतो. स्कॅनखेरीज ते कळत नाही.

चार महिन्यांचा पाऊस

पुण्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्याच्या परिसरात तो चार हजारांच्याही पुढे जातो. मुळशी, ताम्हिणीकडे पावसाचे मान असेच दांडगे आहे. दोन दिवसांच्या सहलीत हा पाऊस मनोहर वाटतो. सलग चाळीस दिवस ऊन न पाहता राहणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांवर आणि गाद्यांवर बुरशी धरते. दमा, जुना श्वासनलिकादाह किंवा ॲलर्जी असलेल्यांना ही बुरशी फार बाधते. ज्यांना शहरातल्या धुराचा त्रास होतो म्हणून डोंगरात आणले, त्यांचा दमा श्रावणात उसळतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. अशा रुग्णांनी पावसाळ्यापूर्वीच फवाऱ्याची औषधे नियमित चालू असल्याची खात्री करावी, फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांविषयी डॉक्टरांना विचारावे. घर घेताना पावसाच्या माऱ्याची भिंत कोणत्या बाजूस आहे, शयनगृह त्याच बाजूला तर नाही ना, हे पाहावे. पावसाळ्यात घर पाहिले तर हे सारे एका दृष्टिक्षेपात कळते. दिवाळीनंतर रंग मारलेल्या भिंती काही सांगत नाहीत.

वीज जाते, आणि कधी दोन-दोन दिवस येत नाही. ज्यांच्या घरी प्राणवायूचे यंत्र आहे त्यांच्यासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. असे यंत्र सुमारे तीनशे वॉट वीज घेते. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर ते रात्रभर चालेलच असे नाही. भरलेला एक सिलिंडर राखीव ठेवणे आणि जनित्राची सोय असणे अशा रुग्णांना अनिवार्य आहे. इन्सुलिनचे मात्र भय बाळगू नये. न उघडलेल्या कुप्या शीतकपाटात ठेवाव्या लागतात. वापरात असलेली कुपी तीस अंशांच्या आतल्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते, आणि डोंगरातल्या पावसाळ्यात खोलीचे तापमान बहुधा त्याखालीच असते. नेमकी मुदत आपल्या औषधाच्या वेष्टनावर पाहावी. ओल्या मडक्यात कुपी ठेवण्याची युक्ती कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडते. दमट हवेत बाष्पीभवनच होत नाही, तेव्हा पावसाळ्यात तिच्यावर विसंबू नये.

औषधांचा साठा पावसाळ्यात किमान दीड महिन्याचा असावा. गावातल्या दुकानात तापाची गोळी मिळेल. फिट्सचे, कंपवाताचे किंवा रक्त पातळ करणारे नेमके औषध मिळेलच असे नाही. आणि ही औषधे एकदम बंद पडणे धोक्याचे असते.

शेवटी मनाविषयी. सूर्यप्रकाश नाही, बाहेर पडता येत नाही, दूरदर्शन बंद, भेटावयास कोणी नाही. अशाने उतारवयात उदासी लवकर दाटते. झोप मोडणे, भूक मंदावणे, ‘आता कशातच रस वाटत नाही’ असे वारंवार म्हणणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. ती वयाची लक्षणे समजून सोडून देऊ नयेत.

उतारावरचे घर

जलाशय दिसावा म्हणून घरे उतारावर बांधली जातात. उतार म्हणजे पायऱ्या. वाहनतळापासून दारापर्यंत तीस पायऱ्या, दारापासून दिवाणखान्यात चार उतरून, शयनगृह वर. वास्तुरचनाकाराच्या दृष्टीने ते सुंदर असते. गुडघ्यांच्या, तोल जाणाऱ्यांच्या आणि अधू दृष्टीच्या माणसांच्या दृष्टीने तो रोजचा धोका आहे. त्यात जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ चढते. उतारवयातले पडणे हे अपघात म्हणून सोडून देण्याजोगे नसते. एका पडण्याने स्वावलंबी माणूस कायमचा परावलंबी होऊ शकतो.

घर पाहताना पुढील गोष्टी प्रत्यक्ष करून पाहाव्यात. रस्त्यापासून दारापर्यंत माणसाला स्ट्रेचरवरून नेता येईल का? रुग्णवाहिकेला दारापर्यंत येऊन वळता येईल का? एक शयनगृह आणि एक स्नानगृह तळमजल्यावर, उंबरठ्याविना आहे का? स्नानगृहाचे दार चाकाची खुर्ची आत जाईल इतके रुंद आहे का, आणि ते बाहेरच्या बाजूस उघडते का? (आत पडलेला माणूस आतल्या बाजूस उघडणाऱ्या दाराला अडून बसतो.) पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा आहे का? शौचकूपाशेजारी हाताला आधार देणारी दांडी बसविता येईल का? यातले बहुतेक थोड्या खर्चात सुधारता येते. पण तीस पायऱ्या कोणत्याही खर्चाने नाहीशा होत नाहीत. त्या दिसल्या की ते घर सोडून द्यावे.

पाणी, साप आणि ताप

अशा वसाहतींत पाणी बहुधा विहिरीचे, झऱ्याचे किंवा विंधनविहिरीचे असते. पहिल्या पावसात वरच्या अंगाचा मैला, शेण आणि गाळ त्यात उतरतो. घर घेण्यापूर्वी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, आणि पावसाळाभर पिण्याचे पाणी चांगले उकळून घ्यावे. सांडपाण्याचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नाही ना, हे शेजारच्या भूखंडासकट पाहावे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या राज्यात आढळतात. सह्याद्रीच्या दगडधोंड्यांत फुरसे विशेष. मण्यारीचा दंश पुष्कळदा झोपेत होतो आणि वेदना जवळजवळ नसते. रात्री विजेरी घेतल्याशिवाय अंगणात पाऊल टाकू नये, जमिनीवर झोपू नये, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. दंश झाल्यास चिरा पाडणे, रक्त चोखणे, आवळपट्टी बांधणे यांतले काहीही करू नये. तो अवयव न हलविता रुग्णाला धीर देत रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. कड्याकपारींतल्या आग्या मोहोळाविषयीही सावध असावे. माश्यांच्या दंशाची तीव्र ॲलर्जी काही मिनिटांत प्राण घेऊ शकते.

पावसाळ्यात ताप आला तर त्याला ‘हवाबदलाचा ताप’ म्हणू नये. डेंग्यू, चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आणि गवतातील बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस हे तिन्ही आजार शक्य असतात. स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत किंवा पोटावर सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग आढळतो. तो दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. वेळेवर साध्या औषधाने बरा होणारा हा आजार उशीर झाल्यास मूत्रपिंडे आणि फुप्फुसे बिघडवितो.

नातवंडे सुटीत येणारच. त्यांना बजावून ठेवावे की धरणाचे पाणी म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे. काठ एकदम खोल होतो आणि गाळात पाय रुततो.

घरात दुसरे कोण आहे?

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

जलाशयाकाठच्या घराचे स्वप्न बहुधा दोघांपैकी एकाचे असते. दुसऱ्याने ‘तुम्हाला आवडते ना, मग झाले’ म्हणून मान डोलावलेली असते. पाहणीत मी पतिपत्नींना वेगवेगळे विचारतो: आपण येथे एकट्या राहिलात तर काय कराल? पुष्कळ भगिनी उत्तरच देत नाहीत. शहरातली भजनी मंडळातली मैत्रीण, कोपऱ्यावरचा भाजीवाला, चालत जाण्याजोगे देऊळ, बसथांबा आणि शेजारच्या घरात असलेली किल्ली, यांवर त्यांचे स्वावलंबन उभे असते. नव्या जागी मोटार चालविता येत नसेल तर त्या प्रत्येक गोष्टीसाठी पतीवर अवलंबून राहतात. आणि पतीचे आजारपण आले की दोघेही एकाच वेळी निराधार होतात. सुटीच्या दिवशी गजबजणाऱ्या या वसाहती सोमवार ते गुरुवार ओस असतात. दिवे लागलेली घरे किती, हे बुधवारी रात्री जाऊन मोजावे. तोच आपला खरा शेजार.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली असेल तर अधिकच विचार हवा. अशा व्यक्तीला ओळखीच्या घराने, ओळखीच्या वाटेने सावरून धरलेले असते. चाळीस वर्षांच्या सवयीने ती रात्री उठून न अडखळता न्हाणीघरात जाते. घर बदलले की हा आधार सुटतो. गोंधळ वाढतो, संध्याकाळी अस्वस्थता वाढते, ‘मला माझ्या घरी जायचे आहे’ म्हणत ती बाहेर पडते. आणि तेथे बाहेर उतार आहे, पाणी आहे. ‘शांत जागी नेले तर आईची तब्येत सुधारेल’ असे मुलांना प्रेमापोटी वाटते. ज्या आईला स्वयंपाकघरातला मिठाचा डबा सांगावा लागत नाही, तिला त्याच घरी राहू देणे हीच बहुधा तिची मोठी शुश्रूषा असते.

काळजीवाहकांनी आपलाही हिशेब करावा. शहरात आजारी माणसासाठी दिवसपाळीची मावशी मिळते. डोंगरात ती येणार कशी, संध्याकाळी परतणार कशी? व्यायामोपचारतज्ज्ञ, घरी येऊन रक्त घेणारा प्रयोगशाळेचा माणूस, लघवीची नळी बदलणारी परिचारिका यांपैकी कोण तेथपर्यंत येईल? आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणाऱ्याने हा विचारच सोडावा. आणि नोकरी करणारी मुलगी किंवा सून दर शनिवारी शंभर-सव्वाशे किलोमीटर जाऊन-येऊन आईवडिलांचे पाहणार असेल, तर ती किती वर्षे हे करू शकेल, हे तिलाच विचारावे. तिच्या वतीने आपण उत्तर देऊ नये.

जमीन आणि कागद

हा विषय वकिलाचा. पण ज्यांचा आरोग्याशी संबंध येतो अशा दोन-तीन गोष्टी सांगतो. २०१४ साली ३० जुलै रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. २०२३ साली १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. भूखंडाच्या वरच्या अंगाचा डोंगर अलीकडे कापला आहे का, ओढ्याची वाट बुजविली आहे का, झाडे किंवा खांब कलले आहेत का, जमिनीला नव्या भेगा आहेत का, संरक्षक भिंतीला पोट आले आहे का, हे जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

माहितीपत्रकातला रुंद रस्ता सरकारदरबारी रस्ता आहे की दुसऱ्याच्या शेतातली वहिवाट, हे पाहावे. उद्या ती वाट अडली तर रुग्णवाहिकाही अडेल. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. जमीन अकृषिक झाली आहे का, प्रकल्प महारेरात नोंदला आहे का, जागा धरणासाठी संपादित झालेल्या किंवा पूररेषेतल्या क्षेत्रात नाही ना, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, हेही लक्षात असावे. उतारवयात कोर्टाचे खेटे घालणे हा रक्तदाबावरचा उपाय नव्हे.

मधला मार्ग

मग जाऊच नये का? तसे मी म्हणत नाही. साठीच्या अलीकडे-पलीकडे असलेले, दोघेही चालतेफिरते, आजार आटोक्यात, दोघांनाही मोटार चालविता येते आणि दोघांनाही मनापासून तेथे राहावयाचे आहे, अशांना हे घर पुष्कळ वर्षे आरोग्य देईल. ज्यांना गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला, वारंवार पडणे होते, स्मृती ढळू लागली आहे, घरी प्राणवायू लागतो किंवा जे एकटे आहेत, त्यांनी कायमच्या वास्तव्याचा विचार करू नये; ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाहुणे म्हणून जावे.

जाणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा. प्रथम वर्षभर भाड्याने राहावे, आणि त्या वर्षात आषाढ-श्रावण व वैशाख हे महिने अवश्य असावेत. माझ्या ओळखीच्या एका शिक्षक दांपत्याने असेच केले. पाण्याकाठचे पहिले घर त्यांनी पावसाळा संपताच सोडले आणि तीन किलोमीटर अलीकडे, आरोग्य केंद्र, बसथांबा आणि किराण्याचे दुकान असलेल्या गावात लहानसे घर घेतले. तेथून जलाशय दिसत नाही. रोज सकाळी ते चालत जाऊन पाहून येतात. बाई आठवड्यातून दोन दिवस गावच्या मुलींचा अभ्यास घेतात. त्यांचे सारे घर गावाला ठाऊक आहे, आणि हेच त्यांचे सर्वांत मोठे औषध आहे.

शहरातले घर निदान तीन वर्षे विकू नये. भाड्याने द्यावयाचे असल्यास करार अल्पमुदतीचा असावा. डोंगरातले घर घाईने विकावे लागल्यास गिऱ्हाईक वेळेवर मिळत नाही. परतीचे दार उघडे असणे हे मनाच्या स्वास्थ्यासाठीही आवश्यक आहे. आणि कोणता प्रसंग आला की परतावयाचे, हे दोघांनी मुलांसमक्ष आजच ठरवून लिहून ठेवावे: एकाचे गाडी चालविणे थांबले, एकदा पडणे झाले, किंवा दोघांतले एक राहिले. तो प्रसंग आल्यावर निर्णय घेणे फार कठीण जाते. आधी ठरलेले असले की मुलांवर ओझे येत नाही आणि वडीलधाऱ्यांना अपमान वाटत नाही.

ज्यांच्या घरी असे माहितीपत्रक आलेले आहे, त्यांनी इसारा देण्यापूर्वी तीन कामे करावीत. दोघांच्या औषधांची आणि आजारांची यादी घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावे. पावसाळ्यातल्या एका रविवारी दुपारी त्या घरापासून रुग्णालयापर्यंत स्वतः जाऊन घड्याळ लावून पाहावे. आणि एका बुधवारी रात्री तेथे मुक्काम करून सकाळी आपल्या जोडीदाराला, इतर कोणी समोर नसताना, विचारावे: ‘‘मी नसेन तेव्हा तुला येथे राहता येईल का?’’ उत्तर शांतपणे, पूर्ण ऐकून घ्यावे, आणि व्यवहार त्यानंतरच करावा.